स्पॅगेटी स्क्वॉशचा कीस: एअर फ्रायरवरच्या नोंदी

२७ सप्टेंबर २०२५, शनिवार

सप्टेंबर सरत आला की मध्य न्यू जर्सीतल्या शेतांवरच्या दुकानांत भोपळ्यांचे ढीग लागतात. नारिंगी, हिरवे, पांढरे, चट्ट्यापट्ट्यांचे. त्यातले पिवळेधमक, लांबुळके, खरबुजाएवढे स्पॅगेटी स्क्वॉश आज पिशवी भरून आणले. हा हंगाम संपेपर्यंत एक गोष्ट नीट बसवायची आहे: शिजल्यावर या भोपळ्याच्या गराच्या शेवयांसारख्या तारा सुटतात, तर एअर फ्रायरमध्ये तो असा शिजवायचा की या तारा लांब, मोकळ्या आणि कोरड्या निघतील, आणि त्यांचा फोडणी दिलेला कीस होईल.

पास्त्याला पर्याय म्हणून मला तो नको आहे. इथे बहुतेक घरांत या तारांवर टोमॅटोचा सॉस ओततात, वर चीज घालतात आणि गव्हाच्या स्पॅगेटीची अपेक्षा ठेवतात. गव्हाची स्पॅगेटी पिठाची असते, सॉस धरून ठेवते. ही पाण्याने भरलेली भाजी आहे, ती सॉस धरत नाही, उलट त्यात आपलं पाणी सोडते. तिच्याकडे भोपळा म्हणूनच बघितलं तर तूप, जिरं, मिरची आणि दाण्याचं कूट हे तिचे खरे सोबती आहेत, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं कारण आई. ती सध्या कराडहून आमच्याकडे आली आहे. डॉक्टरांनी भात आणि बटाटा कमी करायला सांगितलाय, आणि बटाट्याचा कीस तिच्या जिवाचा. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात शिजलेल्या १०० ग्रॅम स्पॅगेटी स्क्वॉशमध्ये कर्बोदकं साधारण साडेसहा ग्रॅम आहेत, उकडलेल्या बटाट्यात सुमारे २०. फरक मोठा आहे.

निवडताना पाहिलेलं: साल इतकी टणक हवी की नखाने दाबलं तर ओरखडा उमटू नये. रंग एकसारखा पिवळा हवा, हिरवी झाक असेल तर फळ कोवळं आणि तारा धड तयार झालेल्या नसतात. देठ सुकलेला पण शाबूत हवा, देठ तुटला की तिथूनच कुजायला लागतं. आणि आकाराच्या मानाने हाताला जड लागलं पाहिजे. आणलेली फळं दीड किलोच्या आसपास आहेत. माझ्या एअर फ्रायरच्या टोपलीत याहून मोठं फळ मावणार नाही.

२८ सप्टेंबर

सुरुवात इथल्या रूढ पद्धतीने. देठापासून बुडापर्यंत उभा चिरून दोन फाका, बिया आणि मधला चिकट गर चमच्याने खरवडून बाहेर, आतून तेलाचा हात, मीठ, मिरपूड. कापलेली बाजू वर ठेवून ३७० अंश फॅरनहाइटवर (म्हणजे १८८ सेल्सिअस) २५ मिनिटं.

कडा छान तांबूस झाल्या, वास भाजलेल्या रताळ्याच्या जवळ जाणारा. पण दोन गोष्टी लगेच दिसल्या. फाकेचा आकार वाडगीसारखा, त्यामुळे सुटलेलं पाणी मधल्या खळग्यात साचून राहिलं आणि तिथला गर त्या पाण्यात उकडला गेला. आणि तारा आखूड निघाल्या, बोटाएवढ्या किंवा त्याहून लहान.

तारा आखूड का, हे फाक उजेडात धरून पाहिलं की कळतं. तारा देठाकडून बुडाकडे जात नाहीत. त्या आडव्या, फळाच्या घेरासोबत गोल फिरतात, एकावर एक वेटोळी रचल्यासारख्या. उभा काप दिला की प्रत्येक वेटोळं मधोमध तुटतं. तारेची लांबी काट्याच्या कौशल्यावर ठरत नाही, सुरी कुठल्या दिशेने चालली यावर ठरते. या भाजीबद्दल एकच गोष्ट सांगायची वेळ आली तर मी हीच सांगेन.

४ ऑक्टोबर, शनिवार

आज आडवे काप. दोन्ही टोकं काढून साधारण ४ सेंटिमीटर जाडीच्या चकत्या केल्या. प्रत्येक चकतीच्या मधल्या बिया काढल्या की सालीसकट एक कडं उरतं.

आधी चिरण्याविषयी, कारण इजा होते ती इथेच. कच्च्या फळाची साल दगडासारखी असते आणि फळ गोल, त्यामुळे सुरी निसटते. आई म्हणाली, "विळी असती तर पाय रोवून बसले असते आणि दोन मिनिटांत मोकळी झाले असते." विळी इथे नाही. म्हणून: सालीला सुरीच्या टोकाने आठ-दहा ठिकाणी खोल भोकं पाडायची, फळ मायक्रोवेव्हमध्ये चार मिनिटं ठेवायचं, मग पाच मिनिटं गार होऊ द्यायचं. भोकं टाळायची नाहीत, आत कोंडलेल्या वाफेने फळ फुटू शकतं. त्यानंतर ओल्या पंचावर ठेवून पावाच्या करवती सुरीने चिरलं. साध्या सुरीपेक्षा ही सालीत चांगली शिरते. टोक आधी कापून फळ सपाट बाजूवर उभं केलं तर ते हलत नाही.

कडी टोपलीत एकमेकांना न टेकता ठेवली, ३६० अंशांवर (१८२ सेल्सिअस) ९ मिनिटं, उलटवून पुन्हा ९. कड्याला तळ नसतो, त्यामुळे पाणी कुठे साचतच नाही. जाळीतून खाली ठिबकतं आणि वारा खालून-वरून दोन्हीकडून लागतो.

मग काटा. तो आतल्या कडेला टोचून बाहेरच्या सालीकडे ओढायचा नाही, त्याने तारा तुटतात. सालीला समांतर, गोल फिरवत न्यायचा. पहिला वेढा सुटायला जरा वेळ लागतो, मग एकेक तार आपसूक सुटत जाते. रंग फिकट सोनेरी, किंचित पारदर्शक, जाडी हाताने वळलेल्या शेवयांएवढी. एक पूर्ण तार ताटावर सरळ पसरून पट्टी लावली: २८ सेंटिमीटर. मुलीने तिला हात लावू दिला नाही, फोटो काढून झाल्यावर स्वतः खाल्ली.

५ ऑक्टोबर

आडव्या कापांची युक्ती पूर्व आशियात पूर्वीपासून चालत आली आहे. जपानमध्ये हा भोपळा चकत्या करूनच उकळतात, मग गार पाण्यात बुडवून बोटांनी तारा मोकळ्या करतात आणि व्हिनेगर-सोया घालून थंड खातात. तिथे त्याला किन्शी-उरी म्हणतात. शांघायजवळच्या चोंगमिंग बेटावर हाच प्रकार सोनेरी भोपळा म्हणून प्रसिद्ध आहे आणि तिथेही त्याची थंड कोशिंबीरच होते. अमेरिकेत तो शेजारच्या पेन्सिल्व्हेनियातल्या बर्पी या बियाणे कंपनीने १९३६ साली बाजारात आणला. म्हणजे इटलीशी त्याचा संबंध नावापुरता.

मूळ मात्र याच खंडातलं. कुकुर्बिटा पेपो ही त्याची जात मेक्सिकोत माणसाने लागवडीखाली आणली, आणि ओआहाका राज्यातल्या गिला नाकित्झ गुहेत सापडलेल्या तिच्या बिया सुमारे १०,००० वर्षांपूर्वीच्या आहेत. मका आणि घेवड्याच्याही आधीची ही शेती. झुकिनी याच जातीतली. आपला लाल भोपळा, म्हणजे डांगर, बहुतांशी कुकुर्बिटा मॉस्काटा, चुलत भावंडं म्हणता येतील.

११ ऑक्टोबर, शनिवार

आजचा दिवस पाण्याला दिला. कच्च्या गरात ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. ते राहिलं तर फोडणीत शिजताना कीस ओलसर गोळा होतो, आणि जास्त गेलं तर तारा चिवट, चामड्यासारख्या होतात. मधली जागा पकडायची आहे.

जाडीचा परिणाम सगळ्यात मोठा निघाला. अडीच सेंटिमीटरच्या कड्याच्या वरच्या-खालच्या तारा कडक झाल्या, मधल्या बऱ्या. पाच सेंटिमीटरचं कडं बाहेरून झालं तरी पोटात कच्चं. चार सेंटिमीटर योग्य.

मिठाचाही प्रयोग केला. सारख्या वजनाच्या दोन कड्यांपैकी एकाला मीठ चोळून २० मिनिटं ठेवलं, सुटलेलं पाणी पुसलं, मग दोन्ही एकदम शिजवली. २६० ग्रॅमचं मीठ लावलेलं कडं १९० ग्रॅमवर आलं, बिनमिठाचं २०५ वर. फरक आहे, पण २० मिनिटं थांबण्याइतका नाही. मीठ चवीसाठी लावावं, पाणी काढायला नको.

त्याहून उपयोगी पडला तो विसावा. टोपलीतून काढलेली कडी लगेच ताटलीत ठेवली तर खाली घाम सुटतो आणि तारा पुन्हा भिजतात. तीच पिठाच्या चाळणीवर १० मिनिटं ठेवली तर वाफ सगळ्या बाजूंनी निघून जाते. मगच काटा लावायचा.

या कामाला एअर फ्रायर मोठ्या ओव्हनपेक्षा सरस का, हेही इथेच कळतं. वरची कॉइल आणि तिच्यामागचा पंखा गरम हवा लहानशा पोकळीत जोरात फिरवतात, त्यामुळे पृष्ठभागावरची ओल सतत उडून जाते. मोठ्या ओव्हनची हवा बरीच संथ, त्यात ही भाजी भाजण्यापेक्षा उकडतेच जास्त. म्हणून टोपली गच्च भरायची नाही. कडी एकावर एक रचली की वाऱ्याची वाट अडते आणि सगळा फायदा जातो.

१९ ऑक्टोबर

दिवाळीचा फराळ चाललाय, भोपळ्याला सवड नाही. फक्त एक नोंद, विसरायला नको म्हणून.

तारा सुट्या होण्यामागे पेक्टिन आहे. वनस्पतीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारा हा चिकट पदार्थ उष्णतेने सैल होतो, आणि लांबट पेशींच्या जुड्या एकमेकींपासून वेगळ्या होतात. आणखी शिजवलं की जुड्यांच्या आतलंही सुटतं आणि लगदा होतो. आंबटपणा पेक्टिनला लवकर सैल होऊ देत नाही, म्हणूनच चिंच किंवा टोमॅटो आधी घातला की भाज्या शिजायला वेळ लागतो. तेव्हा लिंबू किंवा आमसूल कच्च्या कड्यांना चोळायचं नाही, तारा सुटल्यावर शेवटी.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आज हॅलोविन. मुलीने कोरलेला नारिंगी भोपळा दारात ठेवलाय. तोही कुकुर्बिटा पेपोच, पण कोरण्यासाठी वाढवलेला, गर पाणचट आणि बेचव. आई सकाळपासून विचारतेय की एवढ्या गराचं काय करणार. घारगे करून पाहिले असते, पण त्यात गोडवा नाही.

उद्यासाठी दोन स्क्वॉश चिरले आणि प्रत्येकातला कच्च्या गराचा कण जिभेवर ठेवून पाहिला. ही सवय सोडायची नाही. काकडी-भोपळ्याच्या कुळात कुकुर्बिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. लागवडीच्या जातींत ती नगण्य, पण कधीतरी एखाद्या फळात भरपूर उतरतात, विशेषतः घरी राखलेलं बी शोभेच्या कडू भोपळ्यांशी परागीकरण होऊन आलेलं असेल तर. शिजवून हा कडवटपणा जात नाही, उलट्या-जुलाब होतात, प्रसंगी दवाखाना गाठावा लागतो. कडू दुधी टाकून द्यायचा हे आपल्याकडे आयांनी शिकवलेलं आहेच, तोच नियम इथे. कडू लागला तर थुंकायचा, आणि सबंध फळ कचऱ्यात.

१ नोव्हेंबर, शनिवार. कार्तिकी एकादशी

इथल्या पंचांगाप्रमाणे एकादशी आज. आईचा उपास. कालपर्यंत तिचा ठाम प्रश्न: "हे परदेशी फळ उपासाला चालतं का?"

मग आम्ही दोघं ओट्याशी उभे राहून उपासाच्या ताटाचा हिशोब मांडत गेलो. बटाटा अँडीज पर्वतातला. रताळं अमेरिकेतलं. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतला, मिरची मेक्सिकोच्या बाजूची. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावाही दक्षिण अमेरिकेतला. राजगिऱ्याच्या धान्याच्या जातीही याच खंडातल्या, आणि लाल भोपळासुद्धा. पोर्तुगीज जहाजं आल्यानंतरच्या शतकांत यातलं बरंचसं आपल्या किनाऱ्यावर उतरलं आणि पुढे घरोघरच्या उपासाच्या ताटात जाऊन बसलं. आपली अशी उरते ती वरई, दूध-तूप, जिरं. आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "लाल भोपळा चालतो ना आपल्यात? मग त्याचा भाऊबंदही चालेल. कर."

ही तिच्या घरची रीत. प्रत्येक घरात उपासाला काय चालतं ते वेगळं, जिरं-कोथिंबीर न चालणारी घरंही पुष्कळ आहेत. ज्याने त्याने आपल्या घरचं धरावं.

आजचा कीस. एका फळाच्या मधल्या भागाची चार कडी, ३६० अंशांवर ९ आणि ९ मिनिटं, चाळणीवर विसावा, तारा मोकळ्या. त्यातून सुमारे ४०० ग्रॅम तारा मिळाल्या. आज नवीन केलं ते पुढचं: तारा एअर फ्रायरच्या टोपलीत मावेल अशा पसरट स्टीलच्या डब्यात सैल पसरल्या आणि ३०० अंशांवर (१४९ सेल्सिअस) ५ मिनिटं वाऱ्यावर ठेवल्या, मध्ये एकदा काट्याने वर-खाली केल्या. डबा लागतोच, नुसत्या टोपलीत हलक्या तारा उडून वरच्या कॉइलला चिकटतात आणि जळतात. या पाच मिनिटांत उरलेली ओल गेली आणि तारा एकमेकींपासून अलग झाल्या.

तोवर कढईत दोन चमचे तूप, जिरं तडतडलं की तिखट हिरव्या मिरच्यांचे तुकडे, मग तारा. आच मोठी, झाकण नाही, उलथन्याने दाबायचं नाही, खालून वर उचलत दोनच मिनिटं परतायचं. सैंधव. गॅस बंद केल्यावर मूठभर जाडसर दाण्याचं कूट, कोथिंबीर, लिंबू. कूट आधी घातलं तर ते तारांची ओल पिऊन चिकट होतं, शेवटी घातलं की दाताखाली येतं.

बटाट्याच्या किसापेक्षा हा हलका, किंचित गोडसर, आणि चावताना कुरकुरीतपणाची पुसट जाणीव ठेवणारा. बटाट्याचा खमंगपणा यात नाही, कारण तेवढं पिष्टच नाही, आणि तो आणायचा हट्टही धरू नये. आईने एक वाटी घेतली, मग दुसरी. "फोडणी चांगली बसलीय, पण मिरची भित्र्यासारखी घातलीस." पुढच्या वेळी दुप्पट.

८ नोव्हेंबर

भरीत. दही घालायचं तर पाण्याचा प्रश्न पुन्हा येतो, कारण मीठ लागलं की दही आणि भोपळा दोघंही सुटतात. म्हणून दही फडक्यात तासभर टांगून घट्ट केलं, तारा पूर्ण गार होऊ दिल्या, आणि मीठ वाढायच्या क्षणी. वरून तुपात मोहरी, हिंग, कढीपत्ता, एक सुकी लाल मिरची. या तारा मुद्दाम दोन-दोन इंचांच्या कापल्या. भरिताला लांब तार त्रासाची, चमच्यात येत नाही. उभा चिरलेला स्क्वॉश खरा इथे उपयोगी पडतो. मग प्रत्येक फळ आडवंच चिरायचा आग्रह नाही: किसाला आडवं, भरिताला उभं.

त्याच दिवशी बिया. धुऊन, रात्रभर सुकवून, तेल-मीठ-तिखट लावून ३२० अंशांवर (१६० सेल्सिअस) १२ मिनिटं, दर चार मिनिटांनी हलवत. बिया हलक्या असल्याने उडतात, त्यांच्यावर जाळीची स्टँड उलटी ठेवली. चिवड्यात घालायला उत्तम. आईला यातल्या थोड्या कराडला नेऊन परसात लावायच्या होत्या. तिला समजावलं की परवाना आणि तपासणीच्या दाखल्याशिवाय बी विमानातून नेणं नियमात बसत नाही, आणि शिवाय संकरित फळाचं बी तसंच फळ देईल याचा भरवसा नसतो.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज बारा माणसांचं जेवण, त्यामुळे मोठ्या प्रमाणाचा अंदाज आला. माणशी शंभर ग्रॅम तारा धरल्या तर दीड किलोची तीन फळं पुरतात. टोपलीत एका वेळी चारच कडी नीट राहतात, म्हणून ती सकाळीच टप्प्याटप्प्याने भाजून, तारा काढून, उघड्या ताटात फ्रीजमध्ये ठेवल्या. फ्रीजची कोरडी हवा आणखी थोडी ओल काढून घेते, म्हणजे हा उशीर फायद्याचाच. पाहुणे आल्यावर फक्त ३०० अंशांवर पाच मिनिटं आणि कढईतली फोडणी.

उरलेल्या आख्ख्या फळांसाठी गराज बरं, १० ते १३ अंश सेल्सिअसच्या आसपास हवा असेल तर दोनेक महिने टिकतात. पुठ्ठ्यावर, एकमेकांना न टेकवता, आठवड्यातून एकदा उलटून बुडाशी मऊ डाग पडलाय का ते बघायचं. फ्रीजमध्ये आख्खं फळ ठेवू नये, थंडीने गर बिघडतो. भाजलेल्या तारा मात्र घट्ट पिळून, चपट्या पिशवीत भरून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. बाहेर काढल्यावर त्या मऊ पडतात, किसाला चालत नाहीत, पण भाजणीत कालवून थालीपीठ लावायला छान. पाणी वेगळं घालावं लागत नाही, तारांचं पाणीच भाजणीला पुरतं.